जनुकीय सुधारित अन्न आणि आपल्या मनातील भावना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे मराठवाड्यातील शेतकरी बैठकांत, बचतगटांच्या मेळाव्यांत आणि महाविद्यालयांतील चर्चांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आले, ते येथे एकत्र केले आहेत. जनुकीय सुधारित, म्हणजेच जीएम, अन्न चांगले की वाईट याचा निवाडा येथे मिळणार नाही. ते ‘चूक’ किंवा ‘पाप’ आहे असे जेव्हा आपल्याला वाटते, तेव्हा त्या वाटण्याच्या मुळाशी कोणती भावना असते, एवढाच येथील विषय आहे.

प्रश्न : हा विषय विज्ञानाचा आहे. त्यात भावनांची चर्चा कशासाठी?

कारण आपल्याकडचे एक कोडे नुसत्या विज्ञानाने सुटत नाही. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारणारे एका जिवाणूचे जनुक घातलेल्या कापसाला, केंद्राची परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच बीड, जालना, परभणीच्या काळ्या रानांत दुसरा कापूस शोधावा लागेल अशी स्थिती झाली. ज्या शेतकऱ्याने तो विनातक्रार लावला, त्यालाच बीटी वांग्याविषयी विचारले तर तो चटकन म्हणतो, “कापूस ठीक हाय हो, पण वांगं खायचं म्हणल्यावर मन धजत नाही.” वास्तविक भारतातील पहिल्या बीटी कापसात जे क्राय१एसी नावाचे जनुक होते, तेच बीटी वांग्यातही घातलेले होते, आणि दोन्हींचे काम जालन्याच्या महिको या एकाच बियाणे कंपनीशी जोडलेले होते. जनुक तेच, कंपनी तीच आणि शेतकरीही तोच. बदलते ते एवढेच, की एक वस्तू अंगावर जाते आणि दुसरी पोटात.

प्रश्न : म्हणजे आपण आजवर जीएम काहीच खाल्लेले नाही, बरोबर ना?

तसे म्हणता येणार नाही. देशातील कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी वाण आहेत. त्याच कापसाची सरकी घाण्यावर जाते, तेल कढईत येते आणि पेंड गाई-म्हशींच्या गव्हाणीत पडते. परदेशातून येणारे सोयाबीन तेलही मोठ्या प्रमाणात जीएम सोयाबीनचेच असते. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन किंवा डीएनए जवळजवळ उरत नाही, त्यामुळे तेल आणि वांगे यांची तुलना तंतोतंत होत नाही, हे मान्य केले पाहिजे.

तरीही ही गोष्ट समजताच लोकांच्या चेहऱ्यावर काय उमटते, ते पाहण्यासारखे असते. मी माझ्या आईला हे सांगितले तेव्हा ती भजी तळत होती. तिने झाऱ्या क्षणभर हवेतच धरला, कढईकडे पाहिले आणि मग म्हणाली, “इतकी वर्षं खातोय, आता काय.” भजी तिने खाल्ली, पण त्या दिवशी रोजच्यापेक्षा कमी खाल्ली. तेल तेच होते, चवही तीच होती. घास अडला तो निव्वळ एका माहितीने.

प्रश्न : अन्नाची किळस येणे समजू शकते, पण किळसेतून नैतिक निषेध कसा तयार होतो?

मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९८०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळांच्या रसाच्या पेल्यात बुडवून बाहेर काढले आणि तो रस पिण्याबद्दल लोकांना विचारले. झुरळ निर्जंतुक आहे हे ठाऊक असूनही लोकांना तो रस नकोसा झाला. धोका शून्य असला तरी स्पर्श घडला आणि स्पर्शाने वस्तूचे स्वरूपच बदलले, असे मन ठरवून टाकते.

मराठी माणसाला हे समजावून सांगण्यासाठी खरे तर परदेशी प्रयोगाची गरज नाही. आपल्याकडे त्यासाठी ‘विटाळ’ हा तयार शब्द आहे. विटाळ थोडा झाला काय नि जास्त झाला काय, फरक पडत नाही. तो धुऊन जात नाही, मोजता येत नाही, आणि ज्याच्यामुळे तो झाला ती व्यक्ती वा वस्तू केवळ अस्वच्छ न राहता दोषी ठरते. अन्नातील ‘परके जनुक’ मनात याच वाटेने शिरते. म्हणूनच ‘एक टक्क्याहून कमी आहे’ असे सांगून कोणाचेही समाधान होत नाही.

सिडनी स्कॉट, योएल इनबार आणि रोझिन यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतील एक पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यातील ६४ टक्के लोक जीएम अन्नाच्या विरोधात होते आणि त्या विरोधकांपैकी ७१ टक्के लोकांचे म्हणणे असे होते, की फायदा कितीही मोठा आणि धोका कितीही लहान असला तरी यावर बंदीच हवी. ज्यांचा विरोध असा निरपवाद होता, त्यांच्यात जीएम अन्नाच्या कल्पनेने येणारी किळसही जास्त आढळली. ही पाहणी अमेरिकी माणसांची आहे; तिचे आकडे उचलून परभणीला लावू नयेत. मात्र ‘कितीही फायदा असो, नाही म्हणजे नाही’ हा स्वर आपल्याही ओळखीचा आहे.

प्रश्न : मग विरोध करणारे सगळेच किळसेपोटी विरोध करतात का?

नाही, आणि संशोधकांतही यावर एकमत नाही. एडवर्ड रॉयझमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हाच मुद्दा पुन्हा तपासला आणि ठाम विरोधाशी किळसेपेक्षा भीतीचे नाते अधिक घट्ट आहे असे मांडले. लोक “मला किळस येते” असे म्हणतात तेव्हा त्यांना पुष्कळदा “मला हे पटत नाही, मला याची धास्ती वाटते” असे म्हणायचे असते, हा त्यांचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या बैठकांत तर मी ‘शिसारी’ क्वचितच ऐकली आहे. ‘धास्ती’ मात्र दर दहा वाक्यांमागे एकदा ऐकू येते, आणि ती बहुतेक वेळा लेकराबाळांच्या नावाने येते.

भीतीचाही एक स्वभाव असतो. पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले, की सामान्य माणूस धोका मोजतो तो मृतांच्या आकड्यांवरून नव्हे. ती गोष्ट किती भयावह वाटते आणि किती अनोळखी आहे, यावरून तो मोजतो. कीटकनाशकाचा फवारा आपल्या ओळखीचा आहे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तरी आजही आपण “औषध मारायला गेलो होतो” असेच म्हणतो. विषाला औषध म्हणणाऱ्या भाषेत त्याची भीती आपोआप बोथट होते. ‘जनुक’ या शब्दाला असे घरचे नाव अजून मिळालेले नाही.

प्रश्न : फायदा नीट समजावून सांगितला, तर धास्ती कमी होते का?

काही प्रमाणात होते, पण फायदा ज्याचा त्याला दिसावा लागतो. स्लोविक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत असे आढळले, की जी गोष्ट मनाला आवडते तिचा फायदा जास्त आणि धोका कमी वाटतो, आणि जी आवडत नाही तिचे उलटे होते. प्रत्यक्षात फायदा आणि धोका या दोन स्वतंत्र गोष्टी असू शकतात. मन त्यांना एकाच दोरीने बांधते. कापसाच्या बाबतीत शेतकऱ्याने हिरव्या बोंडअळीचे फवारे कमी झालेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. वांगे खाणाऱ्या ग्राहकाला असे काही दिसत नाही. त्याच्या ताटात वांगे कालही होते आणि आजही आहे.

वांग्याची गंमत अशी, की येथे किळसेचीही दिशा उलटलेली आहे. परभणीच्या बाजारात एका बाईंनी काटेरी वांगी निवडताना एक किडके वांगे मुद्दाम पिशवीत टाकलेले मी पाहिले. भाजीवाली म्हणाली, “आवो, ते कीडकं हाय, ऱ्हाऊ द्या.” त्यावर बाईंचे उत्तर होते, “असू दे, अळी जगली म्हणजे फवारा कमी बसलाय.” शेंडा आणि फळ पोखरणारी ही अळी चिरलेल्या वांग्यात वळवळताना दिसली तर एरवी कोणीही हात झटकेल, पण येथे तीच शुद्धतेचा दाखला ठरली. बीटी वांगे नेमके त्या अळीसाठी तयार केलेले होते. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात त्यातील प्रथिन कार्यरत होते. माणसाचे जठर आम्लधर्मी असते आणि ते प्रथिन ज्यांना चिकटते तशा जागा (रिसेप्टर) माणसाच्या आतड्यात नसतात. हे सगळे त्या बाईंना सांगितले असते तर त्यांनी ऐकून घेतले असते, आणि तरीही बहुधा किडके वांगेच उचलले असते.

प्रश्न : टोमॅटोत माशाचे जनुक घालतात असे ऐकले आहे. मग माळकऱ्याने तो टोमॅटो खावा का?

थंडीत तग धरणाऱ्या एका माशाचे जनुक टोमॅटोत घालण्याचा प्रयोग १९९०च्या सुमारास अमेरिकेत झाला होता. तो टोमॅटो बाजारात कधीच आला नाही. बीटी वाणांतील जनुक बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जमिनीत आढळणाऱ्या जिवाणूकडून घेतलेले आहे. हाच जिवाणू फवारणीच्या रूपात सेंद्रिय शेतीतही वापरला जातो.

पण प्रश्न विचारणारे आजोबा एवढ्याने समाधानी झाले नाहीत, आणि त्यांचे बरोबर होते. प्रत्येक जिवात त्याचा एक ‘मूळ गुण’ असतो आणि त्याचा अंश जिथे जाईल तिथे तो गुणही जातो, अशी आपल्या सर्वांच्या मनाची घडण असते. माशाचा अंश असलेला टोमॅटो मासळीसारखा लागेल, असे मानणारे लोक अमेरिकेतील पाहण्यांतही आढळले आहेत. विज्ञान म्हणते, जनुक हा एका प्रथिनाचा पाठ आहे, त्यात ‘मासेपणा’ नसतो. मात्र व्रत हे रसायनशास्त्रावर चालत नाही. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणारा माणूस वांग्याला विषारी समजत नाही. कांदेनवमीपर्यंत तो ते आवडीने खातो. ज्याने गळ्यात माळ घातली, त्याच्यासाठी काय चालते हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे, आणि तो बजावता यावा म्हणून त्याला आधी कळले पाहिजे. ही मागणी भावनेतून उगवली म्हणून अडाणी ठरत नाही.

प्रश्न : निसर्गात ढवळाढवळ करणे मुळातच चूक नाही का?

ही भावना हलकी समजू नये. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडची माणसे घरदार घेऊन रानात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात, भज्जी आणि अंबिलाचा नैवेद्य दाखवतात. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा लागतो. जिथे पीक देवाच्या ताटात जाते, तिथे ‘बियाण्यात काय घातले’ हा प्रश्न केवळ आरोग्याचा उरत नाही.

मात्र ‘निसर्ग’ म्हणून आपण जे धरून बसतो, त्याची सीमा सरकत असते. संकरित ज्वारी १९६०च्या दशकात आली तेव्हा तिच्या भाकरीला चव नाही, ती खाऊन अंगात जोर येत नाही, असे सर्रास बोलले जाई. ‘हायब्रीड’ हा शब्द आपल्याकडे अजूनही नाजूक पोरांना चिडवण्यासाठी वापरतात. १९७२च्या दुष्काळात आलेला परदेशी लाल मिलो (ज्वारीचाच एक प्रकार) तर त्या पिढीच्या जिभेवरून आजही गेलेला नाही. जुनी माणसे त्याचे नाव तोंड वाकडे करूनच घेतात. पण त्यांच्याच शेतात आज संकरित बाजरी, संकरित मिरची आणि संकरित टोमॅटो आहेत, आणि त्यांत कोणाला अधर्म दिसत नाही. मिलोची आठवण अधिक कडू राहिली याचे कारण, माझ्या मते, त्याचे वाण नव्हते. तो लाचारीच्या दिवसांत, दुसऱ्याच्या हाताने ताटात पडला होता.

प्रश्न : आमचा राग जनुकावर नाही, बियाणे कंपन्यांवर आहे. तीही भावनाच का?

होय, पण वेगळ्या जातीची. किळस म्हणते, ‘दूर ठेवा’. चीड म्हणते, ‘जबाब द्या’. चिडीला पुरावा आणि उत्तर दोन्ही चालतात, म्हणून सार्वजनिक चर्चेत ती किळसेपेक्षा उपयोगी पडते.

रागाला कारणेही आहेत. सुरुवातीच्या वर्षांत बीटी कापसाच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. २००६ मध्ये राज्य सरकारांच्या हस्तक्षेपानंतर भाव खाली आले. पुढे शेंदरी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडले आणि २०१७च्या हंगामात मराठवाड्यात उभ्या कापसात नांगर घालण्याची पाळी अनेकांवर आली. मात्र रागाच्या भरात काही गोष्टींची गल्लत होते. ‘बियाणे मुद्दाम नपुंसक केले आहे’ हा समज १९९८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेल्या एका तंत्रावरून पसरला. ते तंत्र बाजारात कधी आलेच नाही. बीटी कापसाचे बी घरी ठेवून चालत नाही, कारण तो बहुतेक संकरित असतो, आणि संकराचा जोम पुढच्या पिढीत टिकत नाही.

बांगलादेशाचे उदाहरण येथे डोळे उघडणारे आहे. त्या देशाने बीटी वांग्याला २०१३ मध्ये परवानगी दिली. जनुक महिकोकडूनच आलेले होते, पण वाण सरकारी संशोधन संस्थेचे आणि सरळ, म्हणजे संकरित नसलेले, आहेत; त्यांचे बी शेतकऱ्याला घरी राखता येते. जनुक तेच असूनही रागाचे मुख्य कारण तिथे लागू पडत नाही. आपला विरोध जनुकाला आहे की मालकीला, हे स्वतःला तपासून पाहायचे असेल तर याहून सोपी कसोटी मला माहीत नाही.

प्रश्न : यात आपली म्हणून काही जबाबदारी येते का?

येते, आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. बीटी पाकिटासोबत नॉन-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची वेगळी पुडी येत असे. ती शेताच्या कडेने पेरायची होती, म्हणजे बीटीने मरणाऱ्या अळ्याही त्या झाडांवर जगल्या असत्या आणि अळीची प्रतिकारक्षमता लवकर वाढली नसती. बहुतेकांनी ती बांधावर फेकली. आमच्याही घरी ती दोन वर्षे कोनाड्यात पडून होती. एकाने फेकली तर बिघडत नाही, सगळ्यांनी फेकली की सगळ्यांचे बिघडते. शेंदरी अळी परतली त्यात पुडी न पेरणे हे एक कारण होते. ही गोष्ट काढली की सभा शांत होते. ती शांतता अपराधीपणाची असावी, आणि मला ती त्या दिवशीच्या सर्वांत प्रामाणिक क्षणांपैकी एक वाटते.

प्रश्न : शेतकरी आत्महत्यांना बीटी कापूस कारणीभूत आहे, हे खरे नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्या घरात कधी कधी फोटोला हार घातलेला असतो, म्हणून उत्तर जपून द्यावे लागते. देशपातळीवरील अभ्यासांत बीटीमुळे आत्महत्यांची लाट आली असे आढळलेले नाही. कोरडवाहू शेती, सावकारी, पाऊस आणि भाव ही कारणे बीटीच्या आधीचीही आहेत. त्याच वेळी कोरडवाहू रानात महाग बियाणे घेऊन हंगाम बुडाला तर कर्ज वाढते, हेही खरे आहे. दुःखाला एक चेहरा हवा असतो, आणि बियाण्याच्या पाकिटाला चेहरा असतो, पावसाला नसतो.

प्रश्न : योग्य माहिती दिली की लोकांचे मत बदलेल, असे शास्त्रज्ञ म्हणतात. ते खरे आहे का?

अर्धेच. फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जीएमचा विरोध जितका टोकाचा, तितके विज्ञानाचे प्रत्यक्ष ज्ञान कमी आणि ‘मला सगळे कळते’ हा भरवसा जास्त असे दिसले. भरवसा असलेल्याला माहिती देणे म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतणे. समर्थकांनीही यावर फार खूश होऊ नये. शेंदरी अळी येणारच नाही असे छातीठोकपणे सांगणारेही आपण पाहिले आहेत.

प्रश्न : आतून येणारी किळस हाच नैतिक पुरावा मानता येईल का?

अमेरिकी विचारवंत लिओन कास यांनी १९९७ मध्ये क्लोनिंगच्या संदर्भात असेच मांडले होते, की काही बाबतींत शिसारी हीच शहाणपणाची खूण असते. मला हे मान्य नाही, आणि त्याचे कारण महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले, त्यानंतर गावातील सवर्णांनी ते तळे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ‘शुद्ध’ केले. त्यांची किळस खोटी नव्हती. ती अगदी आतून, मनापासून आलेली होती. आणि ती पूर्णपणे अन्यायाची होती.

म्हणून किळस आली तर ती नाकारू नये, पण तिच्या हाती निकालपत्रही देऊ नये. जीएम अन्नाला विरोध करण्याची इतर कारणे आहेत आणि ती स्वतःच्या पायांवर उभी राहू शकतात.

प्रश्न : सरकार निर्णय घेताना लोकांच्या भावना धरते का?

बीटी वांग्याच्या वेळी धरल्या. तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये संमती दिली. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी वांगे अनिश्चित काळासाठी थांबवले. महाराष्ट्रातील सुनावणी नागपूरला झाली. ज्या जालन्यात हे वांगे घडले, त्या मराठवाड्यात एकही झाली नाही, याची खंत मला अजून वाटते. उलट बाजूची भावनाही आहे : जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी अकोला जिल्ह्यात परवानगी नसलेला तणनाशकसहिष्णू (तणनाशक मारले तरी न मरणारा) कापूस जाहीरपणे पेरला, आणि त्यांच्या दृष्टीने तंत्रज्ञान नाकारणे हाच अन्याय होता. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने कोंबड्यांच्या खाद्यासाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करू दिली तेव्हा लातूरकडे जो संताप उसळला, तो जनुकाचा कमी आणि सोयाबीनच्या भावाचा अधिक होता.

प्रश्न : पाकिटावर लिहिले तर वाद मिटेल का?

वाद मिटणार नाही, पण फसवले गेल्याची भावना कमी होईल. वजनमापांच्या नियमांनुसार १ जानेवारी २०१३ पासून जीएम अन्न असलेल्या पाकिटावर ‘जीएम’ ही अक्षरे असणे बंधनकारक झाले. किराणा दुकानातील तेलाच्या पिशव्यांवर मी ती शोधली आहेत. मला सापडली नाहीत.

प्रश्न : आता जनुक संपादित तांदूळ आला आहे. त्यालाही हेच लागू पडते का?

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने अशा दोन वाणांची घोषणा केली. त्यांत दुसऱ्या जिवाचे जनुक घातलेले नाही, भाताच्याच जनुकांत नेमका फेरफार केलेला आहे. त्यामुळे ‘परके’ शिरल्याची भावना येथे कमी उमटेल असा माझा अंदाज आहे. त्यांतील एका वाणाला ‘डीआरआर धान १००’ या क्रमांकासोबत ‘कमला’ असे नावही दिले आहे, आणि ते देणाऱ्याला माणसांची मने बरी कळत असावीत. ‘कमला शिजायला घातली’ असे म्हणायला स्वयंपाकघरात कोणाची जीभ अडखळणार नाही. अर्थात रेशनच्या पोत्यावर वाणाचे नाव लिहिलेले नसते, त्यामुळे ते म्हणायची वेळ येईलच असे नाही.